सायीखालच्या दुधाची लाटे, आणि तिच्यावर कापसाचं बोंड

लाटे म्हणजे कडक कॉफीत फेसाळलेलं दूध ओतून केलेली कॉफी; ओततानाच तिच्यावर पांढरं चित्र काढतात. म्हशीच्या दुधाची लाटे नीट जमत नाही, ही तक्रार गावाकडून फार ऐकू येते. फेस येतो पण मोठमोठ्या बुडबुड्यांचा, वर तुपकट थर धरतो, आणि चित्र काढायला गेलं की पांढरं सगळं कपभर पसरतं. मग खापर फुटतं ते घरी कॉफीचं मशीन नाही यावर. मशीन परवडत असेल तर जरूर घ्या. पण ज्या घरात लोण्यासाठी रोज साय निघते, त्या घरात लाटेची निम्मी तयारी आपोआप होत असते. सायीखाली जे दूध उरतं, ज्याचा आपण पोरांसाठी नाइलाजाने चहा करतो, तेच यासाठी सगळ्यात चांगलं.

प्रमाण आधी सांगून टाकते. एका कपाला ५० ते ६० मिली कडक कॉफी आणि १५० ते १८० मिली दूध. म्हणजे चारातले तीन भाग दूधच. म्हणून कॉफी कुठल्या कंपनीची घेऊ, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न दुधाचा.

दूध

म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास असतो, कधी त्याहून जास्त. गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार. फेस उभा राहतो तो मात्र प्रथिनांच्या जोरावर. हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती प्रथिनांचं पातळ कवच बसतं, म्हणून तो टिकतो. स्निग्धांशाने चव येते, जिभेला मऊ लागतं. पण तो फार झाला की हेच कवच मोडतं. म्हशीच्या दुधात प्रथिनंही गाईच्या दुधापेक्षा जास्त, ४ टक्क्यांच्या घरात असतात. साय काढली की तुपकटपणा जातो आणि प्रथिनं बहुतेक सगळी खालीच राहतात. मग त्याचा फेस पाकिटाच्या दुधापेक्षाही दाट येतो.

करायचं असं. संध्याकाळचं दूध गंजात नेहमीसारखं उकळून घ्या. कच्चं दूध थेट तापवून फेसाळू नका. लाटेसाठी दूध ६० अंशांच्या आसपास नेऊन लगेच उतरवायचं असतं आणि तेवढ्याने रोगजंतू मरत नाहीत. पाश्चरीकरणातसुद्धा ६३ अंशांवर अर्धा तास धरावा लागतो. ब्रुसेलोसिससारखा ताप जनावरांकडून माणसाकडे कच्च्या दुधातूनही येतो, तेव्हा उकळी चुकवायची नाही. दूध निवलं की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी साय अलगद उचलून विरजणाच्या भांड्यात टाका आणि खालचं दूध बारीक गाळणीतून गाळून परत फ्रिजमध्ये ठेवा. गाळायचा कंटाळा करू नका. सायीची एवढीशी चिंधी ओतताना जगाच्या चोचीत अडकली की धार फाटते आणि धारेबरोबर चित्रही.

वर्ध्याकडे ज्यांच्या दारात गवळाऊ गाय आहे त्यांनी फक्त वरची जाड साय काढली तरी पुरे. पाकिटाचं दूध असेल तर टोन्ड घ्या. त्यात ३ टक्के स्निग्धांश असतो आणि सायीचे कण कारखान्यात बहुतेक वेळा आधीच बारीक फोडलेले असतात. फुल क्रीम पाकीट खिरीला ठेवा.

दूध ताजं हवं. फ्रिजात राहिलं तरी दिवस उलटतात तशी स्निग्धांशातून मोकळी आम्लं सुटत जातात आणि ती फेसाची वैरी असतात. चहाला चालणारं तीन दिवसांचं दूध लाटेला चालत नाही. तुपाचा हात लागलेलं भांडंही नको. काल त्याच भांड्यात लोणी कढवलं असेल तर साबणाने दोनदा घासा, नाहीतर फेस चढेल आणि बघता बघता बसेल.

एक सावधगिरी. दूध फारच सहज फेसाळतंय असं वाटलं तर थोडं दूध आणि तेवढंच पाणी बाटलीत घालून जोरात हलवा. चांगल्या दुधावर हलवल्यामुळे पातळसा थर येतो. दाट, न बसणारा फेस आला तर त्यात धुण्याची पावडर असण्याचा संशय घ्या आणि गवळी बदला.

पाणी आणि कॉफी

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण तिथल्या बोअरच्या पाण्याची कॉफी खारटच लागते. उकळून खारेपणा जात नाही, उलट पाणी आटून वाढतो. कॉफीला पाणी जेमतेम कपभर लागतं. तेवढं कॅनचं किंवा फिल्टरचं घ्या.

आता कॉफी. कॅफेतल्या मशीनमध्ये सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट दाबाने पाणी पुडीतून जातं, त्यामुळे त्यातून उतरलेल्या कडक कॉफीवर, म्हणजे एस्प्रेसोवर, तपकिरी, दाट साय धरते. चित्र उमटतं ते त्या तपकिरीवर पांढरं उठून दिसतं म्हणून. आपल्याकडे तो दाब नाही, तेव्हा ती तपकिरी जागा वेगळ्या वाटेने तयार करावी लागते. तीन वाटा आहेत.

पहिली, झटपट कॉफी. हिला नाकं मुरडणारे मुरडोत, चित्र शिकायला हीच सोयीची. कपात दीड ते दोन चहाचे चमचे कॉफी, हवी तेवढी साखर आणि ४० ते ५० मिली गरम पाणी. उकळतं नको, उकळी उतरून मिनिटभर थांबलेलं. मग बॅटरीच्या फेटणीने दहा सेकंद फिरवा. वर बारीक बदामी फेस येतो. तोच आपला कागद. फार वेळ फेटलं तर फेस घट्ट होतो आणि दूध त्याच्याखाली शिरतच नाही.

दुसरी, मोका पॉट. हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं १९३३ पासून चालत आलंय, इटलीतल्या बियालेत्ती यांनी बाजारात आणलेलं. यात दाब १ ते २ बारच असतो, पण कॉफी चांगली कडक उतरते. खालच्या भांड्यात वाफेच्या वॉल्व्हच्या किंचित खाली येईल इतकं गरम पाणी भरा. चाळणीत पुडी भरून वर बोटाने सपाट करा, दाबू नका. खालचं भांडं फडक्याने धरून वरचं गच्च फिरवून बसवा आणि लहान बर्नरवर मंद आचेवर ठेवा. ज्वाळा बुडाच्या बाहेर आली की मूठ वितळते, आणि भांडं लहान असल्यामुळे शेगडीवर डगमगतं. खाली पापड भाजायची जाळी ठेवा. झाकण उघडं ठेवून बघत राहा. आधी गडद धार येते, मग रंग फिका पडत जातो आणि खसखस आवाज सुरू होतो. तिथेच उतरवा. पुढे येतं ते नुसतं कडू पाणी. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा पॉट तापत नाही, त्यासाठी स्टीलचा घ्यावा लागतो.

पुडी बारीक रव्याइतकी हवी. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी मोकात घालू नका. ती चिकट होऊन चाळणी बंद करते. आख्ख्या बिया मिळाल्या तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दोन-तीन सेकंदांचे झटके देऊन दळा, सलग फिरवलं तर बिया तापून सुगंध उडतो. त्याआधी भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या. नाहीतर लाटेला काळ्या मसाल्याचा वास येईल, आणि सावजीच्या मसाल्याचा वास तर धुऊनही जात नाही. चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत हे आपल्याच भागातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. तिकडे गेलात आणि कॉफी घेतलीत तर भाजल्याची तारीख विचारा. भाजून दोन-तीन आठवडे झालेली कॉफी उत्तम, वर्षभर बरणीत पडलेली कुठलीही बेकार.

तिसरी, दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर. लाईन नसली, गॅस संपत आला असला तरी नुसत्या गरम पाण्यावर काम होतं. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पुडी, त्यावर चकती, वरून १०० ते १२० मिली उकळतं पाणी. अर्ध्या तासात डिकॉक्शन, म्हणजे कडक काळी कॉफी, खाली गळतं. इथे चिकोरी असली तरी चालते, रंग गडद येतो आणि पांढरं छान उठून दिसतं. डिकॉक्शन गार होतं. ते गरम पाण्याच्या वाटीत वाटी ठेवून कोमट करा, आचेवर उकळू नका.

मोका आणि फिल्टरच्या कॉफीवर फेस नसतो. कॉफी कपात ओतली की चहाच्या गाळणीतून चिमूटभर कोको पावडर वरून भुरभुरवा. एवढ्याने पांढऱ्या-तपकिरीचा भेद स्पष्ट होतो. साखर घालायची ती याच वेळी, कॉफीत विरघळवून. नंतर ढवळलंत तर चित्र गेलं. गूळ घालायचा असेल तर आधी त्याच दुधाच्या चमचाभर भागात घालून बघा. काही गुळांनी दूध फाटतं.

तापवणं आणि फेस

जग चोचीचा हवा. स्टीलचा ३५० मिलीचा जग ऑनलाइन मिळतो आणि या सगळ्यात पैसे घालवायचेच तर त्याच्यावर घाला. तो येईपर्यंत चोच असलेला मापाचा मग चालेल. गडव्याने किंवा पेल्याने ओतलं तर धार पसरट पडते, चित्र होत नाही.

थंडगार दूध निम्म्या जगापर्यंतच घ्या. लहान भांड्यात मंद आचेवर तापवून मग जगात ओता. तापमापक नसेल तर हात आहे: भांड्याच्या बाहेरून तळवा टेकवा, दोन सेकंदांत काढावासा वाटला की ५५ ते ६० अंश झाले. कडेने बारीक बुडबुडे फुटायला लागले तर जास्त झालं. ७० च्या पुढे दुधाची प्रथिनं बिघडतात, उकळल्याचा वास येतो आणि त्या दुधाची मूळची गोडी हरवते. उकळता चहा पिणाऱ्या आपल्या लोकांना ही लाटे कोमट वाटेल. कप आधी गरम पाण्याने विसळून घ्या, म्हणजे थोडा वेळ जास्त गरम राहील. दूध जास्त तापवू नका, पाहुण्यांनी कितीही म्हटलं तरी.

फेटायची साधनं तीन आहेत. घरातली ताकाची रवी मात्र त्यात नाही; ती मोठे बुडबुडे करते. बॅटरीची फेटणी असेल तर जग थोडा तिरपा धरा. फेटणीची तार आधी पृष्ठभागाच्या लगेच खाली, पाच ते सात सेकंद. इथे हवा आत जाते, चर्र असा आवाज येतो. दूध सव्वापट झालं की बस. मग तार खोल बुडवा आणि बाजूला धरा, म्हणजे भोवरा फिरेल. वीस सेकंद. या भोवऱ्यात मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. पहिल्या भागात लोभ केला की फेस कोरडा, ढगळ होतो, कॅपुचिनोसारखा. त्यावर बदामाचे काप सजवता येतील, चित्र काढता येणार नाही.

फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दांडा वर-खाली होणारं कॉफीचं भांडं, असेल तर मला ती फेटणीपेक्षा जास्त आवडते, कारण लाईन लागत नाही आणि सेलही संपत नाहीत. गरम दूध एक तृतीयांशापर्यंत घाला, दांडा वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवा, शेवटचे चार-पाच हलके. दोन्ही नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत गार दूध घालून अर्धा मिनिट हलवा आणि मग झाकण काढून गरम पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवा. गरम दूध बंद बरणीत हलवू नका, वाफेने झाकण उडतं.

आता जग ओट्यावर दोनदा आपटा, वरचे मोठे बुडबुडे फुटतील. मग गोल गोल फिरवत राहा. थांबायचं कधी? पृष्ठभागाला पोळ्याच्या सकाळी बैलाच्या शिंगांना लावलेल्या ओल्या रंगाची चकाकी आली की. मॅट दिसत असेल, भोकं दिसत असतील तर अजून फिरवा. फिरवणं थांबवलंत की अर्ध्या मिनिटात फेस वर आणि दूध खाली, असे दोन भाग होतात. म्हणून कॉफी आधी तयार ठेवायची, दूध नंतर. पहिल्यांदा मी हे करत होते तेव्हा आमच्या आत्याबाई दारातून म्हणाल्या, "काय वं, दाढी करतं का कोणाची?" चकाकी आलेला फेस दाढीच्या साबणासारखा दिसत नाही, एवढी खूण लक्षात ठेवा.

ओतणं

कप गोल बुडाचा, तोंड रुंद, अडीचशे मिलीच्या आसपास. टपरीचा कप लहान पडतो आणि उभ्या पेल्यात दूध तळाशी जाऊन बसतं. घरी चिनीमातीचा सुपाचा वाडगा असेल तर शिकायला तो झकास.

कप डाव्या हातात, जगाकडे तिरपा. जग वर, पृष्ठभागापासून चार बोटं. बारीक, सलग धार मधोमध सोडा. या उंचीवरून दूध तपकिरीच्या खाली बुडतं, वर पांढरं दिसत नाही, दिसायला नकोच. कप निम्म्याहून थोडा जास्त भरला की जगाची चोच खाली आणा, जवळजवळ कॉफीला टेकेल इतकी, आणि त्याच वेळी धार थोडी जाड करा. आता पांढरा ठिपका तरंगू लागेल. बहुतेकांचं अडतं ते इथेच. दूध सांडेल या भीतीने हात वर उचलला जातो आणि पांढरं परत बुडतं. हात खालीच ठेवा. ठिपका मोठा होत जाईल तसा कप हळूहळू सरळ करा. कप भरत आला की चोच जराशी वर घ्या आणि बारीक धारेने ठिपक्याच्या मधून आरपार पुढे न्या. गोलाचा बदाम होतो.

बदाम दहातून सात वेळा जमू लागला की पुढे जा. एक ठिपका, थांबा, त्याच्या मागे दुसरा, पहिल्याला थोडा पुढे ढकलणारा, थांबा, तिसरा, मग आरपार रेघ. हा ट्यूलिप. चोच खाली ठेवून मनगट डावी-उजवीकडे हलवत मागे सरकलात तर फर्न. फर्नची घाई नको.

सराव दुधावर करू नका, चांगलं दूध मोरीत जाताना जीव जळतो. जगात पाणी घेऊन भांड्याच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब टाका आणि फेटा. कपात पाण्यात झटपट कॉफीची चिमूट. हात बसवायला हे पुरतं. नंतर जग नीट विसळा.

कोरणं

धारेने जमत नाही तोवर, आणि जमल्यावरही, मला टूथपिकची कामं जास्त आवडतात. रांगोळीत ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही.

कापसाचं बोंड आपल्याकडचं आणि सोपंही. पांढरं ते कापूस, तपकिरी ती काळी माती, रंग आयतेच आहेत. कपात दूध ओतताना जगात थोडा फेस मागे ठेवा. कप भरला की चमच्याने फेसाचे चार गोळे मधोमध, एकमेकांना लागून ठेवा. फुटलेल्या बोंडात बहुधा चार-पाच पाकळ्या असतात, तेव्हा पाचवा झाला तरी बिघडत नाही. टूथपिक कोको आणि गरम पाण्याच्या घट्ट पेस्टमध्ये बुडवा. दोन गोळ्यांच्या फटीतून बाहेरून मध्यापर्यंत एक रेघ ओढा, टूथपिक फडक्याला पुसा, पुन्हा बुडवा, दुसरी फट. पुसलं नाही तर तिसऱ्या रेघेपर्यंत सगळं चहाच्या रंगाचं होतं. शेवटी गोळ्यांच्या खालच्या बाजूला तीन टोकदार त्रिकोण काढा. बोंडाखालचा वाळका पाला तो. एक छोटी काडी खाली. मिनिटाच्या आत व्हायला हवं, नंतर फेस सुकून रेघा तुटक येतात.

ठसा वापरायचा तर वाघाचं पाऊल काढा. ताडोबा-मेळघाटाकडे होमस्टे चालवणाऱ्यांनी तर नक्कीच. दह्याच्या डब्याचं झाकण घ्या, त्यावर खाली एक मोठी रुंद गादी आणि वर चार लंबगोल बोटं काढून ब्लेडने कापा. झाकण कपावर न टेकवता बोटभर वर धरा आणि गाळणीतून कोको भुरभुरवा. नखं काढू नका. चालताना वाघाची नखं आत असतात. नखं दाखवलीत तर जाणकार पाहुणा कुत्रं आलं होतं का म्हणून विचारेल.

संत्र्याची लाटे करून बघायची असेल तर रस चुकूनही नको, आंबटाने दूध फाटतं. साल वापरा. फळ कोमट मिठाच्या पाण्यात धुवा, किसणीच्या बारीक बाजूने फक्त नारिंगी भाग किसा, पांढरा आला की कडू. हा कीस साखरेत चोळून ती साखर कॉफीत घाला. वरूड-मोर्शीकडे आंबिया आणि मृग असे दोन बहार मिळतात, तेव्हा ताजी साल वर्षातले बरेच महिने हाताशी असते. वाळवून पूड केली तर वरून भुरभुरवायलाही होते.

मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, गरम लाटे कोणी पिणार नाही. उंच पेल्यात बर्फ, त्यावर दोन तृतीयांश गार दूध, मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून हळूच गार कॉफी सोडा. दोन थर दिसतात. साय पूर्ण काढलेलं दूध फ्रिजमधलं तसंच फेटलं तर गार फेसही उभा राहतो. तो वरून घाला. साखर आधी गरम कॉफीत विरघळवून ठेवा, गार दुधात ती तळाशी बसते.

धुणं

जग आणि फेटणी वापरल्या वापरल्या गार पाण्याखाली धरा. गरम पाण्याने आधी धुतलं तर दुधाचा थर तारेला चिकटून बसतो आणि उद्या वास येतो. ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला तारेची घासणी आणि राख लावू नका; नुसत्या पाण्याने धुऊन, तिन्ही भाग वेगळे करून वाळवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आत बसला असेल तर पाण्यात लिंबू पिळून, पुडी न घालता एकदा शेगडीवर चालवा आणि मग साध्या पाण्याने आणखी एकदा. जोडावरून वाफ निसटायला लागली की आतली रबरी रिंग गेली समजा. कुकरची रिंग तिथे बसत नाही आणि तालुक्याच्या दुकानात ती मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून पॉट मागवतानाच त्याच मापाची एक जास्तीची मागवून ठेवा.